क्रेन ट्रॅकवर कुणी आणली?

जळगावात फॉर्म्युला वनच्या मोटर शर्यती पाहणारे किती, असं काही वर्षांपूर्वी कुणी विचारलं असतं तर मी हसून विषय सोडून दिला असता. आता शर्यत मोबाइलवर दिसते आणि एम. जे. कॉलेजच्या आसपासच्या टपऱ्यांवर रविवारी रात्री टायर, पिटस्टॉप (टायर बदलायचा थांबा) आणि पेनल्टी यांवर केळीच्या भावाइतक्याच तावातावानं वाद होतात. २०२५ च्या जूनमध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत मॅक्स व्हर्स्टॅपननं जॉर्ज रसेलला जागा देण्यासाठी वेग कमी केला आणि रसेल पुढे येताच पुन्हा वेग घेऊन त्याच्या गाडीला धडक दिली. शिक्षा झाली दहा सेकंदांची, जोडीला परवान्यावर तीन दंडगुण. पाचवा आलेला व्हर्स्टॅपन दहाव्या क्रमांकावर गेला. "अरे भो, मुद्दाम ठोकली त्यानं, बाहेरच काढायला पाहिजे होता," हा एक पक्ष. "रेसिंग आहे, भजनी मंडळ नाही," हा दुसरा. दर मोठ्या टकरीनंतर हाच वाद ऐकू येतो, फक्त नावं बदलतात. काल कडक शिक्षेसाठी टेबल आपटणारा आज आपल्या लाडक्या चालकासाठी दयेचा अर्ज घेऊन उभा असतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. सुरक्षेचा नियम मोडल्याची शिक्षा न्याय्य आहे का, हे दोनच गोष्टींवरून ठरावं: धोका किती मोठा होता आणि तो कुणी निर्माण केला. कोण जिंकलं, कुणाला लागलं, कुणाचं विजेतेपद गेलं, हे सगळं त्यानंतर. हे दोन प्रश्न प्रामाणिकपणे विचारले की सगळ्यात मोठा अन्याय लुईस हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन या दोन चालकांत सापडत नाही. तो सापडतो एकीकडे चालक आणि दुसरीकडे संघ, संयोजक, नियामक यांच्यात. चालकाची चूक सेकंदांत मोजणारी ही व्यवस्था स्वतःची चूक मात्र 'पुढच्या वेळी काळजी घेऊ' एवढ्यावर मिटवते, आणि आपण सगळे दहा सेकंद कमी की जास्त यावर घसा बसवतो.

आधी परिणामाचा मुद्दा घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. २०२१ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरस्टोनला पहिल्याच फेरीत कॉप्स नावाच्या वळणावर हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन यांची चाकं एकमेकांना लागली. व्हर्स्टॅपन ५१ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट, इतक्या आघातानं टायरच्या भिंतीवर आदळला, तपासणीसाठी इस्पितळात गेला आणि त्याची ३३ गुणांची आघाडी ८ वर आली. हॅमिल्टनला दहा सेकंदांची पेनल्टी बसली. ती भरून त्यानं शर्यत जिंकली. तेव्हा एका गोटाची आरोळी होती: परिणाम बघा! बार्सिलोनाला परिणाम काहीच नव्हता, दोन्ही गाड्या शेवटपर्यंत धावल्या. आता दुसऱ्या गोटाची आरोळी: परिणाम काय बघता, हेतू बघा! हवं ते उत्तर येईपर्यंत मोजपट्टी बदलत राहायची, असाच हा प्रकार आहे.

पंच मंडळाची, म्हणजे स्ट्युअर्ड लोकांची, अधिकृत भूमिका अशी की परिणाम बघायचा नाही, फक्त चालकाची वागणूक बघायची. सिल्व्हरस्टोननंतर तेव्हाचे शर्यत संचालक मायकेल मासी यांनी हेच सांगितलं होतं. भूमिका चांगली आहे, पण ती नेहमी पाळली गेलेली नाही. २०१२ मध्ये बेल्जियममधल्या स्पा ट्रॅकवर सुरुवातीच्या गर्दीत रोमेन ग्रोजाँनं हॅमिल्टनला बाजूला दाबलं, चाकात चाक अडकलं, आणि उडालेली गाडी फर्नांडो अलोन्सोच्या डोक्याजवळून गेली. ग्रोजाँला एका शर्यतीची बंदी आणि ५० हजार युरो दंड झाला. बंदी योग्यच होती, माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. निर्णयाच्या कारणांत मात्र एक ओळ होती, की या घटनेमुळे विजेतेपदाचे आघाडीचे दावेदार शर्यतीबाहेर गेले. म्हणजे त्यानं शेवटच्या रांगेतल्या दोन गाड्या उडवल्या असत्या तर गुन्हा हलका ठरला असता? मागच्या रांगेतल्या चालकाची मान काय वेगळ्या हाडांची असते?

यावर युरोपियनांना हसण्याआधी आपला कायदा बघावा. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ खाली बेदरकार वाहन चालवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. त्याच बेदरकारपणात कुणी दगावलं तर कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत. गिरणेतून वाळू भरून निघालेला डंपर शहराच्या मधून जाणाऱ्या महामार्गावर सुसाट जातो. एखाद्या चौकात शाळेच्या मुलाची सायकल एका वितीनं वाचते. डंपरवाला तोच, वेग तोच, डोळे तितकेच चुकार. पण विताचा फरक पडला म्हणून तो संध्याकाळी घरी जाऊन जेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच येतो. आपण त्याला 'थोडक्यात निभावलं' म्हणतो. थोडक्यात निभावलं ते मुलाचं, पण कायदा माफी देतो ती डंपरवाल्याला.

याच्या बरोबर उलट शिस्त पाहायची असेल तर लांब जायला नको. भुसावळ रेल्वेचं गाव आहे, तिथल्या कुठल्याही लोको पायलटला विचारा की लाल सिग्नल ओलांडला तर काय होतं. समोर दुसरी गाडी नव्हती, प्रवाशांना कळलंही नाही, कुणाला खरचटलं नाही, तरी त्याला ड्युटीवरून उतरवतात, चौकशी बसते आणि प्रकरण नोकरीवर बेततं. रेल्वेनं शहाणपण असं जमा केलं की लाल सिग्नल ओलांडला तेव्हाच अपघात अर्धा झालेला असतो, उरलेला अर्धा नशिबाचा. नशिबाच्या अर्ध्यावर शिक्षा ठरवायची नाही. आता हे कबूल करायला हवं की रेल्वेची ही कडक शिस्तही बहुतेक वेळा इंजिनातल्या माणसावरच येऊन पडते. त्याला सलग किती तास जागवलं होतं, सिग्नल झाडाआड होता का, हे प्रश्न मागाहून येतात. म्हणून पहिला प्रश्न एकटा पुरत नाही. धोका किती, याच्या पाठोपाठ तो कुणी निर्माण केला, हेही लागतंच.

परिणामवाद्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा मात्र बाजूला सारता येत नाही. ज्याचं नुकसान झालं त्याचं काय? व्हर्स्टॅपन भिंतीत गेला आणि ज्याची चूक ठरली तो वरच्या पायरीवर उभा राहिला, हे पाहून कुणालाही चीड येणारच. शिवाय दहा सेकंद सगळ्यांना सारखे नसतात. वेगवान गाडीवाला ते काही फेऱ्यांत भरून काढतो, मागच्या संघातल्या चालकाची त्यात अख्खी शर्यत जाते. ही तक्रार खरी आहे. पण तिचं उत्तर जखमा मोजण्यात नाही. कॉप्स हे वळण ताशी अडीचशे किलोमीटरहून जास्त वेगानं घेतलं जातं. तिथे चाकाला चाक लावणं आणि साठ-सत्तरच्या वेगानं घेतल्या जाणाऱ्या वळणावर चाक लावणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीकडे कुणाला काही झालं नाही तरीसुद्धा. धोका मोजला असता तर सिल्व्हरस्टोनची शिक्षा आपोआप जड झाली असती. व्हर्स्टॅपन इस्पितळात गेला की पार्टीला, हे बघायची गरजच पडली नसती. म्हणजे माझंही मत त्या गोटाच्याच बाजूनं पडतं, पण त्यांच्या कारणानं नाही.

हे जमत नाही असंही नाही. २०२४ मध्ये मेलबर्नला अलोन्सोनं एका वळणाआधी नेहमीपेक्षा बराच लवकर वेग कमी केला आणि मागून येणारा रसेल गोंधळून भिंतीत गेला. दोन गाड्यांचा स्पर्शही झाला नव्हता. अलोन्सोला वीस सेकंदांची शिक्षा झाली, कारण मंडळानं अपघाताकडे न पाहता, तशा जागी तसं वागणं किती घातक आहे याकडे पाहिलं. त्या निर्णयावर टीका खूप झाली. मला तो गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो.

आता दुसरा प्रश्न, ज्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. धोका कुणी निर्माण केला?

५ ऑक्टोबर २०१४, जपानमधलं सुझुका. पाऊस, मावळता उजेड. एका वळणावर एक गाडी घसरून बाहेर गेली होती आणि ती उचलायला साडेसहा टनांची क्रेन ट्रॅकच्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यात आणली होती. त्या जागी दोन पिवळे झेंडे हलवले जात होते. पुढच्याच फेरीत ज्यूल्स बियांकीची गाडी तिथेच घसरली आणि ताशी १२६ किलोमीटर वेगानं क्रेनखाली घुसली. तो नऊ महिने बेशुद्ध राहिला आणि जुलै २०१५ मध्ये गेला. वय २५. जागतिक मोटर महासंघानं, म्हणजे एफआयएनं, दहा जणांची समिती नेमली. तिनं अनेक कारणं मांडली, पण जगभर मथळा झाला तो एका वाक्याचा: बियांकीनं पिवळ्या झेंड्यांखाली पुरेसा वेग कमी केला नाही. वाक्य खोटं नव्हतं. दोन पिवळे झेंडे म्हणजे थांबायची तयारी ठेवा, हे नियमातच होतं. पण किती कमी केला म्हणजे पुरेसा? ते प्रत्येक चालकानं स्वतः ठरवायचं होतं, आणि ज्या खेळात दुसऱ्यापेक्षा दशांश सेकंद जास्त सोडला की जागा जाते तिथे! गंमत म्हणजे त्याच समितीनं उपाय सुचवला तो असा की वेगाची मर्यादा वरूनच ठरवून द्यावी. त्यातून २०१५ पासून 'व्हर्च्युअल सेफ्टी कार' ही पद्धत आली. दोष चालकाच्या पायात होता, तर दुरुस्ती नियमावलीत का करावी लागली? ज्या ठिकाणी औषध लावलं, दुखणंही तिथेच होतं ना?

आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, पुन्हा सुझुका आणि पुन्हा पाऊस. पहिल्याच फेरीत एक गाडी घसरून आदळली, सगळ्यांना आपल्यामागे हळू चालवायला लावणारी सेफ्टी कार निघाली, आणि गाड्या अजून ट्रॅकवर फिरत असताना क्रेन आत आणली गेली. पिएर गॅस्ली मागे राहिला होता, पुढचा घोळका गाठायला निघाला होता. पाण्याच्या फवाऱ्यात काही दिसत नव्हतं आणि त्या धुक्यातून तो क्रेनच्या अगदी जवळून गेला. तो रेडिओवर ओरडला, उतरल्यावरही संतापलेला होता, आणि बियांकीच्या वडिलांनीही जाहीरपणे राग व्यक्त केला. मग निकाल आला. शर्यत थांबवणारा लाल झेंडा लागल्यावर गॅस्लीचा वेग २५१ पर्यंत गेला होता, म्हणून त्याला वीस सेकंदांची शिक्षा आणि दोन दंडगुण. आणि क्रेन? एफआयएनं चौकशी केली, दोन आठवड्यांत अहवाल काढला, आणि मागे वळून पाहता क्रेन उशिरा आणणं शहाणपणाचं ठरलं असतं, अशा आशयाचं वाक्य लिहिलं. हंगामात आलटून-पालटून काम करणाऱ्या दोन शर्यत संचालकांपैकी एकाला उरलेल्या शर्यती दिल्या नाहीत. झालं, संपलं.

गॅस्लीची शिक्षा मला चुकीची वाटत नाही. लाल झेंड्याखाली २५१ हा वेग कुठल्याही हिशेबानं समर्थनीय नाही, आणि ट्रॅकवर क्रेनशेजारी मार्शल, म्हणजे ट्रॅकवरचे मदतनीस, उभे होते, ते तर पायी. माझा आक्षेप एवढाच की एका घटनेत दोघांनी धोका निर्माण केला, आणि आकड्यांतली शिक्षा एकालाच झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी असं मी म्हणणार नाही, कारण इथे संन्यासी कुणीच नव्हता. पण दोन आरोपींपैकी एक न्यायाधीशाच्या घरचा निघाला की त्याला समज देऊन सोडायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

संघांचं प्रकरण याहून उघडं आहे, कारण तिथे आकडे समोर पडलेले आहेत. २०१३ मध्ये जर्मनीत नुर्बुर्गरिंगला मार्क वेबरच्या गाडीचं चाक नीट न बसवता तिला पिटमधून सोडलं गेलं. सुटलेलं चाक उसळत जाऊन एका कॅमेरामनवर आदळलं, त्याची बरगडी मोडली. रेड बुल संघाला दंड ३० हजार युरो. २०१८ मध्ये बहारीनला फेरारीनं किमी रायकोनेनची गाडी सोडली तेव्हा मागचं एक चाक बदललंच नव्हतं. त्या चाकापुढे उभ्या असलेल्या मेकॅनिकचा पाय गाडीखाली आला आणि दोन ठिकाणी मोडला. फेरारीला दंड ५० हजार युरो. आता शेजारी हे ठेवा. २०२१ मध्ये ब्राझीलला व्हर्स्टॅपननं शर्यतीपूर्वी हॅमिल्टनच्या उभ्या गाडीच्या मागच्या पंखाला हात लावून पाहिला. दंड ५० हजार युरो. २०२५ च्या सुरुवातीला चालकांनी शिवी दिली तर काय, याचं दरपत्रक निघालं. फॉर्म्युला वनमध्ये पहिल्या शिवीला ४० हजार युरो (आरडाओरडा झाल्यावर काही महिन्यांत ते खाली आणलं). आणि २००७ मध्ये फेरारीची गोपनीय कागदपत्रं मॅक्लारेनकडे सापडली तेव्हा दंड होता दहा कोटी डॉलर. कागद चोरीला गेले तर दहा कोटी, पाय मोडला तर पन्नास हजार, आणि परक्या पंखाला बोट लावलं तरी पन्नास हजार. या तक्त्यात माणसाच्या हाडाचा भाव काय निघतो, ते वाचणाऱ्यानंच काढावं.

पिटलेनमधला मेकॅनिक काय करत असतो हे टीव्हीवर कळत नाही, दोन-अडीच सेकंदांत सगळं उरकतं. आमच्याकडे कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ निघतो तेव्हा चाकाशी मोगरी लावणारे बघावेत. दोर ओढणारे पुढे, दर्शनाला लोटलेली गर्दी चहूबाजूंनी, आणि हा माणूस फिरत्या चाकाच्या बगलेत वाकून, लाकडाची मोगरी चाकाखाली सारून रथ वळवतो, थांबवतो. त्याची नजर चाकाच्या कडेवर, बोटं त्या कडेपासून अगदी जवळ, आणि कान पुढून येणाऱ्या हाकेवर. हाक एका श्वासाइतकी आधी आली तर? त्या माणसाला कुणी म्हणेल का, की बाबा, तू धोका पत्करूनच आलास, आता बोलू नको? मेकॅनिक आणि मार्शल यांची जागा तीच आहे. 'चालकांनी जोखीम पत्करलेली असते' हा युक्तिवाद ज्यांना लावला जातो ते करोडो कमावतात. २००० मध्ये मोंझाला, २००१ मध्ये मेलबर्नला आणि २०१३ मध्ये कॅनडाला जे मार्शल मरण पावले ते हौसेखातर सेवा देणारे लोक होते. चालकानं जोखीम पत्करली ती दुसऱ्या गाडीशी झुंजण्याची. ट्रॅकवर उभ्या क्रेनची जोखीम त्यानं कधी पत्करली होती?

नुर्बुर्गरिंगनंतर काय झालं तेही सांगण्यासारखं आहे. पिटमधला वेग कमी केला, मेकॅनिकांना हेल्मेट सक्तीचं केलं, हे चांगलंच. पण त्याचबरोबर शर्यतीच्या वेळी बहुतेक कॅमेरावाल्यांना पिटलेनमध्ये मज्जाव झाला. चाक निष्काळजीपणे लावलं संघानं, आणि दाराबाहेर गेला चाक लागलेला! अहिराणीत कुणी म्हातारी म्हणाली असती, करस कोन नि भरस कोन.

संघांना आणि संयोजकांना जबर शिक्षा करा म्हटलं की समोरून एक आक्षेप हमखास येतो, आणि तो पोकळ नाही. शिक्षेची भीती वाढली की लोक चुका लपवतात. मेकॅनिक 'चाक बसलं नाही' असं सांगायला कचरेल, संचालक अहवालात सत्य लिहिणार नाही, आणि छोट्या ट्रॅकवाले शर्यतीच बंद करतील. याला इतिहासाचा आधार आहे. १९९४ मध्ये इमोलाच्या शर्यतीत चालक आयर्टन सेना अपघातात मरण पावला, त्यानंतर इटलीत फौजदारी खटला उभा राहिला. त्याच्या विल्यम्स संघाचे प्रमुख, अभियंते, ट्रॅकचे अधिकारी असे सगळे आरोपी. १९९७ मध्ये सगळे सुटले, अपिलं चालत राहिली, आणि २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तांत्रिक संचालक पॅट्रिक हेड यांच्यावर जबाबदारी ठेवली तेव्हा शिक्षेची मुदतच टळून गेली होती. या सगळ्यात तेरा वर्षं गेली. त्या काळात वकिलांच्या सल्ल्यानं गप्प बसलेली माणसं मोकळेपणानं बोलली असती तर खेळ जास्त शिकला असता, यात शंका नाही. तेव्हा माझी मागणी पोलिस आणा, बेड्या घाला, अशी अजिबात नाही.

पण हा आक्षेप घेणाऱ्यांना एक विचारायचं आहे. शिक्षेनं माणूस लपवाछपवी करतो हे खरं असेल, तर ते चालकालाही लागू नाही का? चालकाच्या बाबतीत शिक्षा म्हणजे 'जरब' आणि संयोजकाच्या बाबतीत तीच शिक्षा म्हणजे 'सत्यशोधनातला अडथळा', असं कसं? एक तर दोघांनाही मोकळेपणानं बोलू द्या, किंवा दोघांनाही तराजूत घाला. तराजूची एक बाजू रिकामी ठेवून दुसरी जड आहे म्हणून ओरडण्यात अर्थ नाही.

आणि लपवाछपवीवर खरा उतारा शिक्षा सौम्य करणं हा नाही, चौकशी परक्याच्या हाती देणं हा आहे. पुन्हा रेल्वेकडे वळतो. भारतात मोठा रेल्वे अपघात झाला की चौकशी करतात रेल्वे सुरक्षा आयुक्त, आणि ते रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसतात. त्यांचं खातं नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतं. ही फारकत १९४१ ची, इंग्रजांच्या काळातली. ज्यानं रूळ टाकले, सिग्नल लावले, गाडी सोडली, त्यानंच अपघाताचा दोष कुणाचा हे ठरवू नये, एवढी साधी गोष्ट त्यांना तेव्हा कळली होती. आयुक्तांचे सगळे अहवाल मानले जातात असं मी म्हणत नाही, शिफारशी धूळ खात पडतात तो वेगळा रडगाणं गाण्याचा विषय. पण निदान चौकशी करणाऱ्याचा पगार चौकशी होणाऱ्याच्या खिशातून येत नाही. मोटर शर्यतींत नियम करते एफआयए, ट्रॅकला मान्यता देते एफआयए, शर्यत संचालक एफआयएचा, पंच मंडळाचा अध्यक्ष एफआयएनं नेमलेला, आणि सुझुकाची चौकशी दोन्ही वेळा एफआयएचीच. मग क्रेनला दंडगुण द्यायचे कुणी?

दंडगुणांवरून आठवलं. २०१४ पासून ही पद्धत आहे: बारा महिन्यांत बारा गुण झाले की एका शर्यतीची बंदी. त्या नियमाखाली पहिला बळी गेला २०२४ मध्ये, केविन मॅग्नुसनचा. मोंझाला गॅस्लीशी झालेल्या हलक्या टकरीनं बारा भरले, आणि खुद्द गॅस्लीनंच ही शिक्षा अति झाली म्हणून सांगितलं. बारीकसारीक घासाघाशीला दोन-दोन गुण वाटत गेलं की हिशेब शेवटी कुठे तरी फुटतोच. वड्याचं तेल वांग्यावर निघतं. दंडगुण खऱ्या जीवघेण्या वागणुकीसाठी राखून ठेवावेत, हे चालक बरीच वर्षं सांगत आहेत आणि त्यात त्यांचा स्वार्थ असला तरी ते बरोबर आहेत.

हे सगळं श्रीमंतांच्या दूरदेशीच्या खेळाचं आहे, आपल्याला काय, असं वाटणाऱ्यांसाठी एक जवळचं उदाहरण. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेरजवळ राष्ट्रीय रॅलीचा टप्पा सुरू होता. बंद केलेल्या त्या रस्त्यावर एका कुटुंबातल्या तिघांना घेऊन जाणारी मोटरसायकल आली, आणि गौरव गिलची रॅलीची गाडी तिच्यावर गेली. तिघंही गेले. गिल हा देशातला अव्वल रॅली चालक, मोटर शर्यतीसाठी अर्जुन पुरस्कार मिळालेला पहिला. साहजिकच चर्चा त्याच्या वेगाची झाली. पण रॅली म्हणजे काय असते? शेजारी बसलेला सहचालक वहीतून पुढचं वळण वाचतो आणि चालक न दिसणाऱ्या वळणावर त्या शब्दाच्या भरवशावर गाडी घालतो. रस्ता रिकामा आहे, हे त्याला दिलेलं वचन असतं. ते वचन देणारा संयोजक आहे. पायवाटा, शेतातून येणारे फाटे, वाडीवस्तीवरून निघणारी मोटरसायकल, हे सगळं अडवायला माणसं उभी करायची ती त्यानं. आमच्या सातपुड्यात उद्या कुणी रॅली आणली तर धडगाव-मोलगीकडच्या रस्त्यांना असे किती फाटे आहेत हे मोजून दाखवायला सांगावं, चालकाचा वेग त्यानंतर विचारावा.

आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८ए हे कलम आलं. रस्त्याच्या सदोष आखणीमुळे किंवा देखभालीअभावी कुणी मेलं अथवा अपंग झालं तर ठेकेदाराला, संबंधित यंत्रणेला दंड. किती? एक लाख रुपयांपर्यंत. बहारीनच्या ५० हजार युरोंची आठवण यावी असाच आकडा, आणि तोही कुणी दगावल्यावर किंवा अपंग झाल्यावरच. खड्डा नुसता आहे, अजून कुणी पडलं नाही, तोवर तो कायद्याच्या दृष्टीनं खड्डाच नाही.

फॉर्म्युला वनमध्ये एक गोष्ट मात्र खरोखर चांगली आहे. चालकाच्या प्रत्येक शिक्षेवर मंडळ क्रमांक घातलेला कागद काढतं. घटना काय, कुठला नियम मोडला, निर्णय काय आणि का, हे सगळं त्यावर असतं आणि तो कागद कुणालाही वाचता येतो. २०२५ मध्ये तर कुठल्या चुकीला काय शिक्षा याची मार्गदर्शक यादीही जाहीर झाली. तसाच कागद शर्यत नियंत्रण कक्षाच्या प्रत्येक निर्णयावर निघावा: क्रेन किती वाजता आत सोडली, त्या क्षणी ट्रॅकवर किती गाड्या होत्या, त्यांतली शेवटची कुठे होती, हुकूम कुणी दिला. ही सगळी नोंद त्यांच्या संगणकांत असतेच, गॅस्लीचा २५१ हा आकडा तिथूनच तर आला. सुझुकाचा अहवाल निघाला तो गदारोळ झाला म्हणून. गदारोळ न झालेल्या क्रेनांचे कागद मागायला कुणीच उभं राहिलेलं नाही.